स्टाफरूममध्ये सगळ्यांचं 'हो', चिठ्ठीवर 'नाही': प्राध्यापक संघटनेच्या विरोधात मत का देतात?

गोदाकाठची | रविवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. कालपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय आणि घरात बोलून बोलून घरचेही कंटाळले आहेत, म्हणून इथे लिहिते.

मी नाशिकमधल्या एका विनाअनुदानित कॉलेजात नऊ वर्षं शिकवते. कॉलेजचं नाव सांगणार नाही आणि कृपया कोणी अंदाजही बांधू नका. आमच्याकडे शिक्षक आहेत ४३. काल संध्याकाळी इंदिरानगरला एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही जमलो होतो, ३७ जण आले. एवढे तर आमच्या स्नेहसंमेलनालाही एका खोलीत बसत नाहीत. प्रश्न एकच होता: आपण आपली नोंदणीकृत संघटना काढायची की नाही? हात वर करायला लावलं तर एकमेकांकडे बघून हात वर होतील, म्हणून चिठ्ठ्या ठरल्या. सारख्या आकाराचे कागद, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, आणि मध्ये स्टीलचा डबा.

हो १४. नाही २१. कोऱ्या २.

आता मागचं सांगते. आमचा ऑगस्टचा पगार दिवाळीच्या आदल्या आठवड्यात झाला. दर जूनला नवी ऑर्डर मिळते, अकरा महिन्यांची, म्हणजे मे महिना कोरडा. पीएचडी झाली तरी पगारात एक रुपयाचा फरक पडत नाही. एप्रिल-मेमध्ये आम्हाला ॲडमिशनसाठी निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा अशा तालुक्यांत पाठवतात. प्रत्येकाला आकडा दिलेला असतो, पेट्रोल स्वतःचं. एका सरांनी मागच्या वर्षी सुरगाण्यात एका मुलाच्या वडिलांना कॉलेजची फी सांगितली, तेव्हा त्या माणसाने उलट विचारलं, "तुम्हाला किती मिळतात?" सरांनी खरं सांगितलं नाही. हे त्यांनीच आम्हाला स्टाफरूममध्ये सांगितलं आणि त्या दिवशी कोणी डबा खाल्ला नाही.

म्हणजे दुखणं सगळ्यांचं एकच आहे. स्टाफरूममध्ये रोज ४३ च्या ४३ जण तेच बोलतात. मग चिठ्ठीवर २१ 'नाही' कुठून आले? ज्यांच्या घराच्या हप्त्यासाठी आम्ही वर्गणी काढली होती, त्यांचंही मत बहुतेक 'नाही' होतं. मला त्यांचा राग आलेला नाही. पण मला समजलेलं नाही, आणि न समजता पुढे जाणं मला चुकीचं वाटतं.

तुमच्यापैकी कोणी शिकवण्याच्या पेशात असाल, संघटनेत असाल, नसाल, सोडली असेल, तर मनापासून लिहा. "भित्रे आहेत" एवढंच लिहायचं असेल तर तेही लिहा, पण का ते लिहा.

---

सातपूरकर | रविवार, रात्री १०:३२

ताई, मला तरी यात कोडं दिसत नाही. ज्याची ऑर्डर एप्रिलमध्ये संपते तो फेब्रुवारीत संघटना काढत नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटी पोरं युनियनच्या सभेला गेटपासून लांब, पानटपरीवर उभी राहून ऐकतात. तुमचे ३७ निदान खोलीत तरी आले.

---

अंजनेरी | रविवार, रात्री १०:५०

वाचतेय. माझे मिस्टर याच पेशात आहेत. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीच्या, फाइली करतात. सकाळी लिहिते.

---

दूरदेशी | सोमवार, पहाटे ५:१५

मूळचा पंचवटीचा, गेली सतरा वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात शिकवतो. तुमची डब्यातली चिठ्ठी वाचून फार जवळचं वाटलं, कारण इकडे हे असं मतदान खरोखर कायद्यानेच होतं.

पद्धत अशी. ज्यांना संघटना हवी ते आधी कार्डांवर सह्या गोळा करतात. तीस टक्के लोकांच्या सह्या झाल्या की श्रम मंडळाकडे अर्ज जातो. मग गुप्त मतदान. जेवढ्यांनी मत दिलं त्यांच्यात बहुमत मिळालं की ती संघटना सगळ्यांच्या वतीने करार करते, 'नाही' म्हणणाऱ्यांच्या वतीनेही. सरकारी विद्यापीठांना मात्र त्या-त्या राज्याचा कायदा लागू होतो, आणि नॉर्थ कॅरोलिनासारख्या राज्यात सरकारी नोकरांनी असा सामूहिक करार करायलाच बंदी आहे.

आमच्या शेजारच्या पिट्सबर्ग विद्यापीठात २०१९ मध्ये अर्ज झाला आणि प्रत्यक्ष मतमोजणी व्हायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. १५११ विरुद्ध ६१२, संघटना झाली. कोणती? पोलाद कामगारांची! युनायटेड स्टीलवर्कर्स. सातपूरकर, तुम्हाला हे आवडेल. पिट्सबर्ग हे पोलादाचं गाव. ज्यांचे आजोबा भट्टीवर होते, त्यांना त्या नावाचा संकोच वाटला नाही. काहींना वाटला, आणि तोच माझा मुद्दा आहे.

मी स्वतः अशा मतदानाच्या वेळी दारोदार फिरलो आहे. 'नाही' म्हणणारे मला मुख्यतः तीन प्रकारचे भेटले. पहिले, ज्यांना बाहेर भाव आहे: इंजिनिअरिंग, बिझनेस, मेडिकल. ते डीनशी एकटे बोलून आपला पगार वाढवून घेऊ शकतात. सगळ्यांची एक वेतनश्रेणी झाली तर आपलं खाली येईल असं त्यांना वाटतं. दुसरे, ज्यांची नोकरी अजून पक्की व्हायची आहे. ते संघटनेच्या बाजूचे असतात, पण सही करायला दोन वर्षांनी या म्हणतात. आणि तिसरे, ज्यांच्याशी बोलणं मला सगळ्यात जड गेलं. ते म्हणायचे, आम्ही विद्यापीठ चालवतो. अभ्यासक्रम आम्ही ठरवतो, नेमणुका आम्ही करतो, सिनेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी सभेत, आम्ही बसतो. आम्ही युनियन काढली तर आम्ही नोकर आहोत हे आम्हीच कबूल केल्यासारखं होईल.

'हो' म्हणणाऱ्यांत एका सत्राच्या बोलीवर एक-दोन विषय शिकवणारे फार. इथे आता शिकवणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक कायम नोकरीच्या वाटेवरच नाहीत. पण मतं फिरलेली मी पाहिली ती पगारामुळे कमी आणि विश्वास तुटल्यामुळे जास्त. सिनेटने एक ठराव केला आणि प्रशासनाने तो न वाचता बाजूला ठेवला, एखादा विभाग सुट्टीत बंद केला, अशा वेळी ते तिसऱ्या प्रकारचे लोक 'हो'कडे आले. "आम्ही चालवतो" हे खरं राहिलेलं नाही, हे त्यांना दिसलं म्हणून.

---

कायद्याचं_बोला | सोमवार, सकाळी ९:०५

दूरदेशी यांच्या तिसऱ्या प्रकारच्या लोकांवरून तिकडचा एक मोठा निकाल आठवला. १९८० सालचा येशिवा विद्यापीठाचा खटला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तिथले पूर्णवेळ प्राध्यापक शैक्षणिक निर्णय स्वतः घेतात, म्हणजे ते व्यवस्थापनाचाच भाग आहेत, म्हणून त्यांना कामगार कायद्याचं संरक्षण नाही. खासगी विद्यापीठांतल्या कायम प्राध्यापकांच्या संघटना त्यानंतर जवळजवळ थांबल्या. २०१४ मध्ये पॅसिफिक लुथरन विद्यापीठाच्या प्रकरणात तिथल्या श्रम मंडळाने विचारलं, की निर्णय खरंच प्राध्यापकांच्या हातात आहे की फक्त कागदावर? कागदावरचा अधिकार धरायचा नाही, असं ठरलं.

आता आपल्याकडे या. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालाने शिक्षणसंस्था 'उद्योग' या व्याख्येत आल्या. लोकांना वाटलं, आता शिक्षकही कामगार. पण १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, ज्याला आम्ही सुंदरांबल निकाल म्हणतो, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्था उद्योग असली तरी शिक्षक 'कामगार' नाही. कारण शिकवणं हे अंगमेहनतीचं, कारकुनी, तांत्रिक किंवा देखरेखीचं अशा कुठल्याच कामात बसत नाही, ते एक उदात्त कार्य आहे.

त्या निकालाचा परिणाम काय? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार न्यायालयात दाद मागता येत नव्हती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या युनियन मान्यता कायद्यात तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळते, पण तिथेही 'कामगार' असावं लागतं. संघटना काढायचा हक्क मात्र राज्यघटनेच्या कलम १९ ने सगळ्या नागरिकांना आहे. बऱ्याच प्राध्यापक संघटना १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या असतात. संस्थाचालकाने त्यांच्याशी बोलायलाच हवं अशी सक्ती नाही. म्हणून ताई, तुमच्या डब्यातून ३७ 'हो' निघाले असते तरी सोमवारी सकाळी कायद्याने काही बदललं नसतं. बदललं असतं ते तुमच्यातलं नातं. माझ्या मते लोकांना हे मनातून माहीत असतं, आणि 'नाही'चा एक भाग त्यातून येतो: जोखीम पूर्ण आणि हक्क अर्धा.

बडतर्फी, निलंबन यासाठी संलग्न कॉलेजांतल्या शिक्षकांना विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. पण अकरा महिन्यांची ऑर्डर नुसती संपली तर तिथे उभं राहणं अवघड. व्यक्तिगत सल्ला म्हणून हे घेऊ नका, कागद बघितल्याशिवाय मी कोणाला सल्ला देत नाही.

---

गोदाकाठची | सोमवार, दुपारी १:२०

कायद्याचं_बोला सर, आभार. 'उदात्त कार्य' हा शब्द वाचून वर्गात जायला उशीर झाला. आमच्या सभेत एक ज्येष्ठ मॅडम अगदी हेच म्हणाल्या होत्या: "आपण ज्ञानदान करतो, घोषणा देणं आपल्याला शोभतं का?" त्या मनापासून बोलत होत्या. त्यांनी तीस वर्षं एकही तास बुडवलेला नाही. त्यांचं हे वाक्य कोर्टाच्या निकालातही आहे, हे मला माहीत नव्हतं.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, दुपारी ४:४५

मी अनुदानित कॉलेजात ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालो. पुक्टोचा, म्हणजे पुणे विद्यापीठातल्या कॉलेज शिक्षकांच्या संघटनेचा सभासद होतो, म्हणजे ओघाने एमफुक्टो या राज्यभरच्या महासंघाचाही. २०१३ चा परीक्षा बहिष्कार मी केलेला आहे. तरुण मंडळींना आठवत नसेल. फेब्रुवारीत सुरू झाला आणि मे महिन्यात संपला. मागण्या दोन मोठ्या होत्या, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या, नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या प्राध्यापकांची सेवा. सरकारने ७१ दिवसांचा पगार कापला. त्यासाठी पुढे वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं.

संघटनेने मला काय दिलं ते आधी सांगतो. मी लागलो तेव्हा संस्थाचालकाच्या घरच्या लग्नात प्राध्यापक वाढपी म्हणून उभे राहत. मी स्वतः उभा राहिलो आहे. वेतनश्रेणी, बँकेत थेट जमा होणारा पगार, सेवाशाश्वती यातलं काहीही कोणी प्रसन्न होऊन दिलेलं नाही. आज अनुदानित कॉलेजात नवा सहायक प्राध्यापक ५७,७०० मूळ वेतनावर लागतो, त्यामागे आमच्या आधीच्या पिढीचे मोर्चे आहेत.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०१३ मध्ये माझ्याकडे तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आला. घरची परिस्थिती बेताची, नोकरीची मुलाखत झालेली, निकाल वेळेत लागला नाही तर जागा जाणार. तो भांडला नाही. फक्त म्हणाला, "सर, तुमचं बरोबर असेल, पण माझं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बहिष्कार सोडला नाही. तो मुलगा पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही. शिक्षक 'नाही' म्हणतो तेव्हा दर वेळी तो संस्थाचालकाला घाबरून म्हणत नाही, हे मला सांगायचं आहे. कारखान्यात काम थांबलं की मालकाचा माल अडतो. आपल्याकडे काम थांबलं की समोरच्या बाकावरचं मूल अडतं, आणि त्याचं नाव आपल्याला माहीत असतं.

---

तासिकावाला | सोमवार, संध्याकाळी ६:३०

निवृत्त_मास्तर सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. मी तासिका तत्त्वावर आहे, सीएचबी. नेट झालंय, सेट झालंय, पीएचडीचा प्रबंध जमा केलाय. आठवड्याला नऊ तासांपेक्षा जास्त मिळत नाहीत, म्हणून दोन कॉलेजांत शिकवतो. सकाळी गंगापूर रोड, दुपारी सिन्नर. सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. पूर्ण वर्षाची कमाई बाराने भागली तर तुमच्या ५७,७०० च्या पाव भागाच्या थोडी वर जाते. काम तेच, पुस्तक तेच, मुलंही तीच.

माझ्या कॉलेजात कायम प्राध्यापकांची संघटना आहे. सात वर्षांत एकदाही मला तिच्या बैठकीला बोलावलेलं नाही. सप्टेंबर २०१८ च्या काम बंद आंदोलनात कायम लोक बाहेर बसले आणि आम्हाला प्राचार्यांनी सांगितलं, तुम्ही वर्ग घ्या. घेतले तर आंदोलन फोडलं, नाही घेतले तर तासाचे पैसे बुडाले आणि पुढच्या वर्षीचं नावही. मी वर्ग घेतले. दुसऱ्या दिवशी एका सरांनी माझ्याशी बोलणं बंद केलं, ते आजपर्यंत.

माझ्यासमोर कोणी डबा ठेवला असता तर मीही 'नाही' लिहिलं असतं. संघटना नको म्हणून नाही. ती माझी नसणार म्हणून.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, संध्याकाळी ७:१०

तासिकावाला, तुमचं खरं आहे. २०१८ ला मी नोकरीत होतो. आमच्याही बैठकांना सीएचबीवाल्यांना बोलावलं जात नसे. मागण्यांच्या यादीत रिक्त जागा भरा हे असायचं, पण खालच्या क्रमांकावर. मी त्यावर कधी बोट ठेवलं नाही. ठेवायला हवं होतं.

---

दूरदेशी | मंगळवार, पहाटे ४:५०

तासिकावाला यांच्या प्रतिसादावरून एक सांगतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात संप झाला. १७६६ सालचं विद्यापीठ, प्राध्यापकांचा तिथला पहिला संप. पाच दिवस चालला. त्यात कायम प्राध्यापक, अर्धवेळ शिकवणारे आणि संशोधक विद्यार्थी एकत्र बाहेर पडले. कायम लोकांचा पगार चांगला होता, तरी ते तळातल्या लोकांच्या पगारवाढीसाठी उभे राहिले आणि त्यांच्या करारात सगळ्यात मोठी टक्केवारी तळाच्या लोकांनाच मिळाली. अर्थात तिकडची परिस्थिती वेगळी. पण "ती माझी नसणार" या वाक्याला मी पाहिलेलं एवढं एकच उत्तर आहे.

आणि एक अवांतर, नाशिककरांसाठी. अमेरिकन प्राध्यापकांची जुनी संस्था १९१५ ची, तिचे पहिले अध्यक्ष तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई. तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते आणि त्याच काळात बाबासाहेब तिथे शिकत होते. ड्युईंचे विद्यार्थीच. ड्युई पुढे शिक्षकांच्या युनियनचेही सभासद झाले, पण त्या प्राध्यापकांच्या संस्थेला सामूहिक करार हा आपला मार्ग आहे हे मान्य करायला १९७२ साल उजाडलं. म्हणजे सत्तावन्न वर्षं. तुमच्या चिठ्ठ्यांना अजून चार दिवससुद्धा झालेले नाहीत.

---

माजी_प्राचार्य | मंगळवार, सकाळी ११:००

मी विनाअनुदानित कॉलेजात प्राचार्य होतो. इथे बहुतेक मला संस्थाचालकाचा माणूस समजतील, पण एक गोष्ट माहिती म्हणून मांडतो. व्यावसायिक कॉलेजांत पगार उशिरा होण्यामागे एक मोठं कारण असतं ते शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीची रक्कम. राखीव आणि आर्थिक दुर्बल गटातल्या विद्यार्थ्यांची फी सरकारकडून येते आणि ती वेळेवर येत नाही. ज्या कॉलेजात अशी मुलं जास्त, तिथे पगाराचा खोळंबा जास्त.

हे खरं आहे आणि ते पूर्ण सत्य नाही, हेही सांगतो. २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण या कॉलेजांची फी ठरवतं, आणि ती ठरवताना शिक्षकांच्या पगाराचा खर्च हिशेबात धरला जातो. म्हणजे प्राधिकरणाला दाखवलेला पगार आणि हातात पडणारा पगार यांची तुलना करता येते. मी खुर्चीत असताना एकाही शिक्षकाने मला हा प्रश्न विचारला नाही. एकट्याने विचारणं अवघड आहे, मी समजू शकतो. दहा जणांनी सह्या करून विचारला असता तर मला तो वर न्यावाच लागला असता, आणि खरं सांगायचं तर माझेच हात त्याने बळकट झाले असते.

---

प्रेसवाल्यांची_लेक | मंगळवार, दुपारी ३:१५

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. मी आता कॉलेजात शिकवते. आमच्या कॉलनीत युनियनची निवडणूक म्हणजे सण असायचा. पॅनेल, प्रचार, गेट मीटिंग, रात्री उशिरापर्यंत मोजणी. वडील कुठल्या पॅनेलला मत देतात ते आईलाही सांगत नसत.

मला युनियन आठवते ती संपाची नाही. आजीला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा वडिलांनी आधी युनियनच्या माणसाला उठवलं, आणि तो दवाखान्याचे कागद घेऊन आमच्या आधी तिथे पोचला होता. कँटीनचा भात कच्चा होता तरी तक्रार त्याच्याकडे. कोणाचा रजेचा अर्ज अडला, कोणाच्या मुलाला अनुकंपावर लावायचं, सगळं त्याच्याकडे. लोक मत देत होते ते त्या माणसाला, त्याच्या बारा महिन्यांच्या वागणुकीला.

आम्ही शिकलेल्या लोकांनी सुरुवात नेहमी घटना, उद्दिष्टं, लेटरहेड यापासून केलेली मी दोन वेळा पाहिली. दोन्ही वेळा वर्षभरात मावळली. गोदाकाठची ताई, तुमच्या सभेत मतदानाआधी कोणाची काय कामं झाली होती?

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ९:३०

एकही नाही. आम्ही थेट नोंदणीचा फॉर्म छापून नेला होता.

---

नवा_सभासद_३७ | मंगळवार, रात्री ११:५५

हे लिहायला मी आजच इथे खातं उघडलं. मी त्या ३७ पैकी एक आहे. माझं मत 'नाही' होतं. मी कोण ते कृपया विचारू नका.

मॅडम, तुमचा धागा दोन वेळा वाचला. तुम्ही "मला राग आलेला नाही" लिहिलंत म्हणून हे लिहायचं धाडस होतंय.

संघटना हवी असं मलाही वाटतं. पण तुम्ही फॉर्म काढलात तेव्हा त्यावर अध्यक्ष आणि सचिव ही दोन नावं आधीच पेन्सिलीने लिहिलेली होती. ते दोघे कोण, तुम्हाला माहीत आहे. वर्कलोड, म्हणजे कोणाला किती तास, ते तेच वाटतात. दोन वर्षांपूर्वी माझे चार तास काढून दुसऱ्याला दिले गेले, तेव्हा संस्थेला काही माहीतही नव्हतं. ते आपल्याच स्टाफरूममध्ये ठरलं होतं. मी रडले होते. तुम्हीच मला पाणी दिलं होतंत. संस्थाचालक मला वर्षातून एकदा दिसतात, हे दोघे रोज दिसतात. उद्या त्यांच्या हातात माझी वर्गणी, माझी सही आणि माझी तक्रारही देऊ?

दुसरं. चिठ्ठी गुप्त होती, पण सभासदांची यादी गुप्त नसते. त्यावर नाव, पत्ता, सही, सगळं लागतं. चिठ्ठीवर 'हो' लिहून नंतर यादीवर सही न करणं मला खोटेपणाचं वाटलं. म्हणून जे करणार नाही त्याला 'नाही' लिहिलं.

तिसरं. आपण ४३ मोजले. लॅबमधले दादा, ऑफिसमधल्या ताई, लायब्ररीतले काका, त्यांचाही पगार ऑगस्टचा दिवाळीतच झाला. त्यांना कोणी बोलावलं नाही. तीन महिने पगार नसताना लॅबमधल्या दादांनी माझ्या प्रॅक्टिकलची एकही बॅच चुकवली नाही.

भीतीपण आहे. ती नाही असं म्हणणार नाही. पण सगळ्या २१ चिठ्ठ्या भीतीच्या नव्हत्या.

---

अंजनेरी | बुधवार, सकाळी ८:२०

मिस्टरांना वरचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या कॉलेजात मी त्या दोघांपैकी एक आहे." वर्कलोड तेच लावतात. आज ते एका मॅडमशी बोलणार आहेत म्हणाले. काय बोलणार ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

---

सातपूरकर | बुधवार, सकाळी ९:००

नवा_सभासद_३७ ताई, सलाम. मी पहिल्या प्रतिसादात फार सोपं करून टाकलं होतं.

---

कायद्याचं_बोला | बुधवार, सकाळी १०:१५

फक्त एक तांत्रिक दुरुस्ती, कारण ती इथे उपयोगाची आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात अर्ज करायला सात जण लागत, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर यांपैकी जे कमी तेवढे सभासद, पण सातपेक्षा कमी नाहीत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय इथले शिक्षकेतर कर्मचारी 'कामगार' व्याख्येत बसू शकतात. सुंदरांबल निकाल शिक्षकांपुरता आहे. म्हणजे ज्यांना तुम्ही बोलावलं नाहीत, कायद्याने तुमच्यापेक्षा भक्कम जमिनीवर तेच उभे आहेत.

---

गोदाकाठची | रविवार, रात्री ८:४०

आठवडाभर इथे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्याआधी काही करायचं होतं.

नवा_सभासद_३७, तुमचं बरोबर होतं. पेन्सिलीची नावं मीच लिहिली होती. ते दोघे सीनियर, बोलायला धीट, म्हणून. पाणी दिल्याचं मला आठवत होतं, पण पाणी दिल्यावर मी त्या चार तासांबद्दल एक शब्दही बोलले नव्हते, हे तुमचा प्रतिसाद वाचून आठवलं. त्याची माफी मागते, इथे सगळ्यांसमोर.

काल पुन्हा जमलो. या वेळी २९ आले. फॉर्म नेला नाही. मतदान घेतलं, पण प्रश्न वेगळा ठेवला: "पगार, रजा किंवा तासांची अडचण आली तर कॉलेजात तुम्ही सगळ्यात आधी कोणाला सांगाल? एक नाव लिहा." प्रेसवाल्यांची_लेक, ही कल्पना तुमच्या वडिलांच्या युनियनवरून सुचली.

माझं नाव तीन चिठ्ठ्यांवर होतं. पेन्सिलीच्या नावांपैकी एक दोन चिठ्ठ्यांवर, दुसरं एकाही नाही. ते सर तिथेच बसले होते, गप्प झाले, पण उठून गेले नाहीत. बाकीची नावं एकेक, दोन-दोन. आणि अकरा चिठ्ठ्यांवर लॅबमधल्या दादांचं नाव होतं, जे त्या खोलीत नव्हतेच.

आज सकाळी मी आणि ते गप्प झालेले सर, दोघं दादांच्या घरी गेलो. म्हसरूळला राहतात. त्यांनी चहा केला, आधी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, संघटनेचं नंतर बघू. आधी मागच्या तीन वर्षांत कोणाचा पगार कोणत्या तारखेला झाला, ते एका वहीत लिहून काढा. सगळ्यांचं. शिपायांचंही." त्यांच्याकडे स्वतःचं लिहिलेलं होतं, महिन्यावार, २०१७ पासून.

उद्यापासून वही सुरू करतोय. माजी_प्राचार्य सर, वही भरली की शुल्क प्राधिकरणाच्या आकड्यांबद्दल तुम्हाला विचारेन. फोन घ्याल ना?

---

माजी_प्राचार्य | रविवार, रात्री ९:१०

घेईन.

---

नवा_सभासद_३७ | रविवार, रात्री ९:२६

माझ्या तारखा उद्या देते. दादांकडे देते.